तेरा कामगार, एक वीजकेंद्र आणि वकीलपत्राची गोष्ट

लोकलच्या गर्दीत इअरफोन सांभाळत ऐकण्यापेक्षा ज्यांना निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलताना घाईत सुटलेले काही तपशील इथे घातलेत. बाकी गोष्ट तीच.

इतिहासाच्या पुस्तकात कायद्यांना तारखा असतात. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा कधीचा? २ जुलै १९६४. अध्यक्ष लिंडन जॉन्सन टेबलाशी बसून सही करतायत आणि मागे मार्टिन ल्यूथर किंग उभे आहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. या कायद्याचा सातवा भाग नोकरीबद्दल आहे. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यावरून कामावर घेताना, बढती देताना, काढून टाकताना भेदभाव करायचा नाही. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

पण समजा, तुम्ही त्या काळी एखाद्या वीजकेंद्रात झाडू मारणारे कृष्णवर्णीय कामगार आहात. कायदा झाल्याचं रेडिओवर ऐकलंत. मग पुढे काय? सोमवारी कामावर जाऊन साहेबाला कलम वाचून दाखवणार? साहेब म्हणेल, जा कोर्टात. आणि कोर्टात जायचं तर वकील लागतो.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कायदा अध्यक्षाच्या सहीने होतो, पण तुमच्या-माझ्यापर्यंत पोचतो तो वकीलपत्रावर सही झाल्यावर. ते वकीलपत्र घ्यायला कोण तयार आहे आणि त्याचे पैसे कोण देणार, या दोन प्रश्नांवर सगळं अडतं.

गॅरेजवाल्याची थकलेली बिलं

सुरुवात करू १९४८ पासून. नॉर्थ कॅरोलायना राज्यात माउंट गिलियड नावाचं छोटं गाव. तिथे विल्यम चेंबर्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने आपला अठरा चाकी ट्रक त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला आणि पैसे द्यायला चक्क नकार दिला. कामाचे पैसे बुडवले, इतकी साधी तक्रार. यात घटना नाही, नागरी हक्क नाहीत, काही नाही. कुठलाही नवशिका वकील जिंकेल असं प्रकरण.

विल्यम चेंबर्स वकिलांकडे गेले. एकानेही वकीलपत्र घेतलं नाही. गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीय माणसाच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे उद्यापासून आपली बाकीची गिऱ्हाइकं गेली, हा हिशेब तिथल्या प्रत्येक वकिलाला पाठ होता.

पैसे बुडाले ते बुडालेच. त्या पैशांतून धाकट्या मुलाला, ज्युलियसला, चांगल्या खासगी निवासी शाळेत घालायचं ठरलं होतं. ते राहिलं. मुलगा सरकारी शाळेत गेला, तीही फक्त कृष्णवर्णीयांसाठी वेगळी ठेवलेली. तो तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा. आपण वकील व्हायचं, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं. ज्युलियस चेंबर्स हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वकील घडवणारा माणूस

आता कुणी म्हणेल, गोरे वकील येत नव्हते तर कृष्णवर्णीय वकील नव्हते का? होते, पण दक्षिणेत अगदी बोटावर मोजण्याइतके. ही अडचण ओळखून त्यावर काम करणारा माणूस म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी, नंतर हार्वर्डमधून कायद्याचं शिक्षण. १९२९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातलं कायद्याचं महाविद्यालय त्यांनी हाती घेतलं. तोवर तिथे संध्याकाळचे वर्ग चालायचे. ह्यूस्टननी ते पूर्ण वेळ केलं, अभ्यासक्रम कडक केला. त्यांचं म्हणणं असं की समाजाची मोडलेली रचना दुरुस्त करणारा वकील हवा, नाहीतर वकिली करूच नये. त्यांच्या हाताखालून १९३३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी म्हणजे थर्गुड मार्शल. हेच मार्शल पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

शाळांच्या खटल्यांसाठी ह्यूस्टन प्रसिद्ध आहेत, पण त्यांचा नोकरीतल्या भेदभावाचा एक खटला फारसा कुणाला माहीत नसतो. अलाबामात बेस्टर स्टील नावाचे रेल्वे कामगार होते. इंजिनातल्या भट्टीवरचे फायरमन. गंमत बघा, फायरमन लोकांची जी युनियन होती ती कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नसे. पण कायद्याने सगळ्या फायरमनच्या वतीने रेल्वे कंपनीशी बोलणी करायचा हक्क तिलाच. म्हणजे तुम्ही सभासद नाही, मत नाही, पण तुमच्या पोटापाण्याचा करार तीच करणार. तिने काय केलं असेल ते सांगायला नको. कृष्णवर्णीयांना चांगल्या पाळ्यांवरून बाजूला सारणारा करार केला, आणि स्टील यांच्या वाट्याला जास्त कष्टाचं, कमी पैशांचं काम आलं.

अलाबामाच्या कोर्टात स्टील हरले. ह्यूस्टननी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि डिसेंबर १९४४ मध्ये जिंकलं. ज्यांच्या नावाने बोलणी करता त्यांच्याशी दुजाभाव करता येणार नाही, असं न्यायालयाने युनियनला बजावलं. नोकरीत भेदभाव नको असं सांगणारा केंद्रीय कायदा यायला अजून वीस वर्षं होती. आहे त्याच रेल्वेच्या कायद्यातून ह्यूस्टननी वाट काढली. चांगला वकील मिळाला की काय होतं, ते असं.

वकीलच बंद करा

समोरचे लोकही काही दुधखुळे नव्हते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा व्हर्जिनिया राज्याने हुशारीने ओळखलं की खरा त्रास कायद्याचा नाही, वकिलांचा आहे. १९५६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने असे नियम केले की एखाद्या संघटनेने लोकांना खटले भरायला मदत करणं, त्यांना आपले वकील देणं, हाच गुन्हा ठरावा. युक्तिवाद काय, तर या संघटना लोकांना फूस लावून खटले भरायला लावतात!

निशाणा होता कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ मध्ये निकाल लागला. ज्यांना निवडणुकीतून न्याय मिळत नाही त्यांच्यासाठी खटला हाच आपलं म्हणणं मांडायचा मार्ग असू शकतो, त्यामुळे त्याला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल उलटा गेला असता तर १९६४चा कायदा होऊनही दक्षिणेत तो कोर्टात न्यायला फारसं कुणी उरलं नसतं.

डॅन रिव्हरचं वीजकेंद्र

आता आपल्या तेरा कामगारांकडे येऊ. ठिकाण नॉर्थ कॅरोलायनातलंच, ड्रेपर गाव, व्हर्जिनियाच्या सीमेजवळ. ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र. एकूण ९५ कामगार, त्यात कृष्णवर्णीय १४. केंद्रात पाच विभाग: मजूर विभाग, कोळसा हाताळणी, यंत्रचालन, देखभाल आणि प्रयोगशाळा. चौदाच्या चौदा कृष्णवर्णीय मजूर विभागात. झाडलोट, साफसफाई. आणि मजूर विभागातल्या सगळ्यात वरच्या माणसाचा पगार बाकीच्या चार विभागांतल्या सगळ्यात खालच्या माणसाच्या पगारापेक्षा कमी.

१९५५ पासून कंपनीने नियम केला होता की मजूर विभाग सोडून कुठेही लागायचं तर हायस्कूल पास हवं. मग आला नवा कायदा. सातवा भाग लागू होण्याची तारीख होती २ जुलै १९६५. बरोबर त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या विभागांत नव्याने येणाऱ्यांसाठी आणखी एक अट घातली: दोन लेखी चाचण्या. एक सर्वसाधारण बुद्धीची, वंडरलिक नावाची, आणि दुसरी यांत्रिक समज तपासणारी, बेनेट नावाची. हायस्कूल न झालेल्या जुन्या कामगारांना वर सरकायचं असेल तर त्यांनीही याच दोन चाचण्या पास व्हायच्या.

वरवर बघितलं तर यात कुठेच काळं-गोरं नाही. सगळ्यांना एकच नियम, एकच पेपर. आजच्या भाषेत मेरिट!

पण जरा आत शिरून बघा. १९६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलायनात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के, कृष्णवर्णीय पुरुष फक्त १२ टक्के. कारण ज्या राज्याने त्यांना वेगळ्या, निकृष्ट शाळांत ठेवलं, त्याच राज्यात आता शाळेचा दाखला मागितला जात होता. चाचण्यांना पास व्हायचे गुणही असे ठेवलेले की हायस्कूल झालेल्या मुलांपैकीही जवळजवळ निम्मे गळतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अट येण्याआधी लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते, बढत्याही घेत होते. म्हणजे त्या कामाला ना दाखला लागत होता, ना पेपर.

मार्च १९६६ मध्ये कामगारांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली. या आयोगाला तेव्हा काय अधिकार होते? चौकशी करायची आणि दोन्ही बाजूंना समजवायचं, बस्स. स्वतः कंपनीला कोर्टात खेचायचा अधिकार आयोगाला १९७२ मध्ये मिळाला. कायद्यातच दात नव्हते म्हणा ना. तरी तक्रारीनंतर पाच महिन्यांनी कंपनीने एका कृष्णवर्णीय कामगाराला मजूर विभागातून वर घेतलं. तो हायस्कूल पास होता आणि १९५३ पासून मजूर विभागात होता! बाकी तेरा जण तिथेच राहिले. आयोगाच्या समजुतीने काम भागलं नाही आणि विली ग्रिग्ज यांच्या नावाने त्या तेरा जणांनी दावा लावला.

या वेळी मात्र वकील होते. थर्गुड मार्शल यांनी १९४० मध्ये उभा केलेला लीगल डिफेन्स फंड पाठीशी होता. त्यांच्याकडचे रॉबर्ट बेल्टन नॉर्थ कॅरोलायनात असे दावे उभे करत होते, आणि शार्लटमध्ये १९६४ पासून वकिली करणारा एक तरुण त्यांच्याबरोबर होता. विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात वर्गात पहिला आलेला, तिथल्या कायदाविषयक नियतकालिकाचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य संपादक. ज्युलियस चेंबर्स. माउंट गिलियडच्या गॅरेजवाल्याचा मुलगा.

कोल्हा, करकोचा आणि सरन्यायाधीश

खालच्या कोर्टात कामगार हरले. कंपनीचा हेतू वाईट होता हे सिद्ध झालं नाही, असं कोर्टाने म्हटलं. वरच्या कोर्टाने दाखल्याची अट येण्याआधी लागलेल्या काही जणांना दिलासा दिला, बाकीच्यांना नाही. शेवटी डिसेंबर १९७० मध्ये जॅक ग्रीनबर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली आणि ८ मार्च १९७१ रोजी निकाल आला. आठ विरुद्ध शून्य.

निकाल लिहिला सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, जे काही क्रांतिकारी म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी चक्क आपण लहानपणी ऐकलेल्या इसापच्या गोष्टीचा आधार घेतला. कोल्हा आणि करकोचा आठवतो ना? दोघांनाही सारखंच वाढलं, पण ताट उथळ असेल तर करकोच्याने खायचं कसं? संधी समान म्हणायची तर भांडं दोघांनाही वापरता येईल असं हवं, असा त्यांचा मुद्दा. हेतू काहीही असो. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसत असेल, पण त्यामुळे एका गटाचे लोक सरसकट बाहेर पडत असतील, तर त्या नियमाचा प्रत्यक्ष कामाशी काय संबंध आहे ते मालकाने दाखवायचं. नाही दाखवता आलं तर नियम बेकायदा.

चाचण्या घेऊच नका, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही, हे नीट लक्षात घ्या. माणूस ते काम करू शकतो का, हे तपासा, एवढंच.

या लढ्याची किंमत काय होती? जानेवारी १९६५ मध्ये चेंबर्स एका चर्चमध्ये भाषण करत असताना बाहेर त्यांच्या गाडीत स्फोट झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शार्लटमध्ये एकाच रात्री चार नेत्यांच्या घरांवर बॉम्ब टाकले गेले, त्यात चेंबर्स यांचं घर होतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांचं ऑफिस पेटवलं गेलं. ग्रिग्जच्या निकालाला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. १९४८ मध्ये वडिलांचं वकीलपत्र न घेणाऱ्या वकिलांना कसली भीती वाटत होती, ते यावरून कळतं. मी त्यांना माफ करा म्हणत नाहीये. पण ते घाबरण्यासारखं होतं, आणि तरी चेंबर्स काम करत राहिले, हेही खरं.

आणि फी?

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. अमेरिकेत रीत अशी की खटला जिंका नाहीतर हरा, आपापल्या वकिलाची फी ज्याची त्याने द्यायची. झाडू मारणाऱ्या कामगाराने पाच वर्षं चालणाऱ्या खटल्याची फी कुठून आणायची? आणि जिंकला तरी मिळणार काय, तर थकलेला पगार.

१९६४ च्या कायद्यात यासाठी एक बारीकसं कलम होतं: जिंकणाऱ्या बाजूच्या वकिलाची फी हरणाऱ्याकडून देववायचा अधिकार कोर्टाला आहे. या कलमाला जीव आला १९६८ मध्ये, साउथ कॅरोलायनातल्या एका हॉटेलवाल्याच्या खटल्यात. त्याच्या पिगी पार्क नावाच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना आत बसवून जेवण देत नसत. या प्रकारच्या दाव्यात नुकसानभरपाई नव्हतीच, फक्त भेदभाव थांबवण्याचा हुकूम मिळणार. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा दावा लावणारा माणूस फक्त स्वतःसाठी लढत नाही, तो सगळ्यांसाठी सरकारी वकिलाचं काम करतोय. तेव्हा तो जिंकला तर सहसा त्याच्या वकिलाची फी समोरच्यानेच द्यायची. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने हे तत्त्व इतर नागरी हक्क कायद्यांनाही लावलं. १९७८ मध्ये न्यायालयाने उलट बाजूही स्पष्ट केली: कामगार हरला म्हणून मालकाची फी त्याच्या माथी मारायची नाही, दावा अगदीच निराधार असेल तरच.

फीचं कलम म्हणजे कंटाळवाणा विषय, मान्य. त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. पण त्यामुळेच गावोगावच्या साध्या वकिलांना हे दावे घेणं परवडायला लागलं.

हे आपल्यापर्यंत कसं आलं

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं ठीक आहे, आपलं काय? तर ग्रिग्जचा निकाल दिल्लीपर्यंत पोचलाय. २५ मार्च २०२१ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणाचा निकाल दिला. लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्यासाठी वैद्यकीय तंदुरुस्तीचे जे निकष लावले, ते पुरुषांसारखेच होते. पण पुरुषांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झालेली, आणि या महिलांची कितीतरी वर्षं उशिरा, वय वाढल्यावर. कारण त्यांना इतकी वर्षं तो पर्यायच दिला नव्हता. पुन्हा तेच उथळ ताट. न्यायालयाने ग्रिग्जची चर्चा करून याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं आणि तंदुरुस्ती त्या जुन्या वर्षाची धरा असं सांगितलं.

फीचा रस्ता मात्र आपल्याकडे वेगळा आहे. 'जिंकलो तर फी' असा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. त्याऐवजी राज्यघटनेचं कलम ३९अ आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार अशांना मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तर उत्पन्नाची अटही नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि फोन नंबर आहे १५१००. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. तुम्हाला नाही तर ऑफिसातल्या कुणाला लागेल.

शेवटची एक बातमी सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की अप्रत्यक्ष भेदभावाच्या तत्त्वावर सरकारी यंत्रणांनी शक्य तितकं कमी काम करावं. आदेशाला नाव दिलंय गुणवत्तेचं. कायदा मात्र जागेवर आहे. ग्रिग्जचं तत्त्व १९९१ मध्ये संसदेने कायद्याच्या मजकुरातच घातलं होतं, ते अध्यक्षाच्या आदेशाने पुसलं जात नाही. म्हणजे सरकार बाजूला झालं तरी कामगार स्वतःचा वकील घेऊन कोर्टात जाऊ शकतो. परिस्थिती पुन्हा १९६६ सारखी, आयोगाच्या भरवशावर न राहता आपला वकील शोधायची.

ज्युलियस चेंबर्स २ ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांच्या वडिलांच्या त्या ट्रकचं बिल कधीच वसूल झालं नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ऑफिसात कुणी 'नियम सगळ्यांना सारखाच आहे' म्हणालं, तर ताट किती उथळ आहे ते एकदा बघा.